वरचं कपाट

दसऱ्याच्या सकाळी अनंता मिस्त्रीच्या शेडसमोर हार घालून उभी असलेली गाडी बघायला शहापूरची ती अख्खी आळी लोटली होती. तसं म्हटलं तर गाडी जुनीच, एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करून दमलेली, उंच टपाची व्हॅन. पण अनंताच्या बहिणीच्या नवऱ्यानं, दीपेशनं, ती विकत घेऊन आतून पार मोकळी केली आणि अनंतानं तिच्या पोटात सबंध स्वयंपाकघर बसवलं. ओटा, शेगडी, छोटं बेसिन, ओट्याखाली ट्रॉल्या, मागं झोपायला फळीवर गादी. ओट्यासमोर बसायला बाकडं, आणि बाकड्याच्या वर, बसलेल्या माणसाच्या बरोब्बर डोक्यावर, आमरसासारखं पिवळंधमक तीन दारांचं कपाट.

दीपेशचा बेत साधा होता. मुंबईची माणसं सुट्टी मिळाली की माळशेजकडे तंबू ठोकायला येतात आणि रात्रभर मुंग्या झटकत बसतात. त्यांना ही गाडी द्यायची, चालवायला दीपेश आणि रांधायला त्याची बायको रेश्मा. डोंगरात बसल्या जागी गरम भाकरी मिळाली की शहरातला माणूस निम्मा तिथंच विरघळतो, असं दीपेशचं म्हणणं. आज गाडीची पूजा होती आणि पूजेनंतर तिघं नवरा-बायको-पोर घाटापर्यंत पहिली फेरी मारून येणार होते.

आळीतली कमळआजी दारातून आत डोकावून म्हणाली, "अगो रेश्मे, आता नवऱ्याशी भांडलीस का घर घेऊनच माहेरी येशील गो!"

सगळे हसले. रेश्मा तर पदर तोंडाला लावून हसली. अनंता तेवढा हसला नाही. तो वरच्या कपाटाकडे बघत होता.

अनंताचे वडील, कोंडू मिस्त्री, यांची एक रीत होती. स्वयंपाकघर कुणाचंही असो, शेवटचा स्क्रू मिस्त्रीनं बसवायचा नाही. तो त्या घरच्या बाईनं आपल्या हातानं पिळायचा. "उद्यापास्न ती राबणार तिथं, मग तिचा हात लागाय नको?" असं ते म्हणायचे. वडील गेले तरी अनंतानं रीत सोडली नाही. आसनगावच्या नव्या टॉवरमधल्या बाया हसतात, फोटो काढून घेतात, पण स्क्रू पिळतात.

दुसरी रीत सगळ्यांच्याच घरची. दसऱ्याला हत्यारं पुजली की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे ड्रिल, करवत, रंधा, पटाशी सगळी मंडळी हळद-कुंकू लावून, झेंडू माळून शेडमध्ये पाटावर बसली होती. एक जुना पेचकस तेवढा बाहेर होता, रेश्मासाठी.

रेश्मा बाकड्यावर चढली. कपाटाच्या आत, कोपऱ्यात, शेवटचा स्क्रू तिची वाट बघत होता. बाहेरून दीपेश मोबाइलवर शूटिंग करत होता. तिनं पेचकस लावला, जोर दिला, स्क्रू आत गेला. आणि मग तो फिरतच राहिला. पुढं जाईना, अडेना, नुसता गोल गोल.

"दादा," ती आवाज खाली करून म्हणाली, "ह्यो फिरतोच हाय."

अनंताचा हात कपाटाकडे गेला. पण दारात आळी उभी होती, शूटिंग चालू होतं, आणि दाजी बघत होते.

"बसला गो, बसला," तो मोठ्यानं म्हणाला. "नवीन प्लाय हाय, असंच वाटतं."

रेश्मानं एकदाच भावाच्या तोंडाकडे बघितलं. मग "बरं" म्हणून पेचकस त्याच्या हातात दिला आणि खाली उतरली. शेगडीवर दूध ठेवलं, ते उतू गेलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. डबे-भांडी आत चढायला लागली तसा अनंता पेचकस घेऊन शेडमध्ये निघून गेला. काजलनं, तिच्या सहा वर्षांच्या लेकीनं, हॉर्न वाजवून घेतला आणि गाडी किन्हवलीच्या रस्त्याला लागली.

आता हे असं का झालं, ते अनंताला पुरतं ठाऊक होतं.

दीपेशच्या मनात काम भिवंडीकडच्या एका गाड्या बांधणाऱ्याला द्यायचं होतं. तिथं अशाच गाड्या करतात, कपाटं हलकी असतात, दारांना प्रवासात उघडू नयेत असे खटके असतात. रेश्मानं ऐकलं नाही. "माझा भाऊ मिस्त्री असताना गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहील? लोक काय म्हणतील?" नवऱ्याशी चार दिवस अबोला धरून तिनं गाडी माहेरच्या शेडमध्ये आणली होती. आणि अनंताकडे आसनगावच्या एका फ्लॅटचं तयार किचन पडून होतं. त्या घरच्या सूनबाईला ऐनवेळी पिवळा रंग नकोसा झाला, आणि कपाटं शेडमध्ये धूळ खात राहिली. अनंतानं टेप लावली. दोन इंच छाटलं तर चपखल बसत होतं. घरात बसणारी कपाटं गाडीत का बसणार नाहीत?

कपाटं बसली, पण चूक तिथंच झाली. अनंताचा सगळा जन्म भिंतींवर गेला होता. भिंतीला भोक पाडायचं, प्लास्टिकची गिट्टी ठोकायची, तिच्यात स्क्रू पिळायचा. गिट्टी विटेत फुगते आणि स्क्रूला धरून ठेवते. इतकी वर्षं हात तेच करत आले. गाडीच्या पत्र्याला आतून लोखंडी बरगड्या असतात. त्या कुठं आहेत याच्या त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, पण वर फोम आणि प्लाय चढवला तेव्हा खुणा आत गेल्या. मग त्यानं अंदाजानं भोकं पाडली आणि सवयीनं गिट्ट्या ठोकल्या. डावीकडचे स्क्रू नशिबानं बरगडीत लागले. उजवीकडचे नुसत्या प्लायमध्ये गेले, आणि प्लायमागं फोमची पोकळी. तिथं गिट्टी कुणाला धरणार?

आदल्या संध्याकाळी त्यानं कपाटाला हात लावून हलवून बघितलं होतं. उजवी बाजू किंचित मागं-पुढं झाली. तेव्हाच सगळं उतरवून पुन्हा करायला हवं होतं. पण अख्खा प्लाय उचकटावा लागला असता, मुहूर्त चुकला असता, आणि दीपेश म्हणाला असता, मी सांगत होतो. 'डावीकडचे लागलेत ना, कुठं जातंय,' असं मनाशी म्हणून अनंतानं हात-पाय धुतले आणि तो घरात जेवायला बसला. वेळ मारून नेली की माणसाला जेवण गोड लागतं. त्याला लागलं होतं.

आज मात्र तो नुसता भात चिवडत होता. दुपारी ताटावर बसला असताना त्याच्या बायकोनं, शीतलनं, मोबाइल पुढं केला.

"बघा, रेश्माताईंनी फोटो धाडलाय, निघताना काढलेला. किती छान भरलंय!"

फोटोत पिवळ्या कपाटाची तिन्ही दारं उघडी होती. आत तांदळाचा मोठा डबा, नाचणीच्या पिठाचा डबा, दोन कुकर, पितळी पातेली, आणि कोपऱ्यात काळा दगडी खलबत्ता. बाई घरच्या कपाटात जसं भरते तसं रेश्मानं ते ठासून भरलं होतं. भरणारच. तिला कपाट म्हणून दिलं होतं, तिनं कपाट म्हणून भरलं. आणि त्या सगळ्याच्या खाली बाकड्यावर पाय हलवत काजल बसली होती, दोन बोटं वर करून.

अनंता ताटावरून उठला.

"गोड खाल्लं नाय ते?" शीतल म्हणाली.

त्यानं अंगणात जाऊन रेश्माला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मग दीपेशला लावला. दीपेशनं लगेच उचलला.

"दादा! आता धसईवरनं निघालो बघ. देवीला नारळ दिला, आईच्या हातचं जेवलो. गाडी एकदम मस्त! आपला रस्ता कसला हाय तुला ठाऊक हाय, पण कपाटाचा एवढासा आवाज नाय. मानलं तुला. मी उगाच भिवंडी भिवंडी करत होतो."

अनंताला कुणी थोबाडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

"रेश्मा फोन उचलत नाय," तो म्हणाला.

"मागं हाय ती. सकाळपास्न मागंच. काजलला पुढं माझ्यापाशी धाडली आणि आपण तिथंच बसलीय. म्हटलं पुढं ये, हवा लागेल, तर ऐकत नाय. भावानं केलेलं घर सोडवत नाय तिला!" दीपेश मोठ्यानं हसला.

अनंताच्या डोळ्यांपुढं सकाळची ती नजर आली. 'बरं' म्हणताना रेश्मानं टाकलेली. लहानपणापासून ती वडिलांच्या मागंमागं शेडमध्ये फिरलेली पोर. फिरणारा स्क्रू म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला तेव्हाच कळलं होतं. तिनं पोर पुढं धाडली होती आणि आपण त्या कपाटाखाली बसली होती.

सांगायचं होतं ते आताच, या घडीला, एका वाक्यात. दाजी, गाडी थांबवा. तोंड उघडलंसुद्धा.

"सावकाश जा," अनंता म्हणाला.

"टोकावड्याला मामाकडं सोनं द्यायला थांबतो, मग घाट," असं म्हणून दीपेशनं फोन ठेवला.

अनंता अंगणात तसाच उभा राहिला. स्वतःची एवढी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती. फोन हातात असताना, समोरचा माणूस ऐकत असताना, त्याला बहिणीच्या डोक्यापेक्षा आपलं नाक मोठं वाटलं होतं. तो तरातरा शेडमध्ये गेला आणि पाटावरचं बॅटरीचं ड्रिल उचललं. झेंडूची माळ तुटून खाली पडली.

"अहो, पुजलेलं हाय ते!" शीतल मागून ओरडली. "आज उचलायचं नसतं. मामंजींनी कधी..."

"बाबांनी फिरता स्क्रू पण कधी कुणाच्या गळ्यात मारला नाय," अनंता म्हणाला. पत्र्याच्या शेडला लागतात तसले, लोखंडात घुसणारे स्क्रू त्यानं मूठभर खिशात कोंबले, दोन लोखंडी पट्ट्या घेतल्या, आणि ड्रिल पिशवीत घालून मोटरसायकलला किक मारली.

किन्हवलीपर्यंत त्याला रस्ता दिसलाच नाही. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत आलं होतं, पाड्यापाड्यांवर पोरं आपट्याच्या फांद्या घेऊन पळत होती, आणि ओळखीचं कुणीतरी "मिस्त्री, सोनं घ्या!" म्हणून हात करत होतं. तो थांबला नाही. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तो दोनदा खात होता, एकदा आपल्या कंबरेत आणि एकदा त्या कपाटाखाली. इथं डावीकडं वळण आहे, इथं सगळा भार उजव्या बाजूवर आला असेल. इथं गतिरोधक आहे, इथं खलबत्ता उडाला असेल. आणि आवाज आला नाही, असं दाजी म्हणतात. आवाज का आला नसेल, हा विचार मनात आला की तो गाडी आणखी पिळत होता.

सरळगावला हायवेला लागल्यावर त्यानं पुन्हा रेश्माला फोन केला. तिनं उचलला नाही.

टोकावड्याला गाडी नव्हती. मामाच्या अंगणातल्या बाईनं हातानंच घाटाची दिशा दाखवली. पुढं वैशाखरे सोडल्यावर, चहाच्या एका टपरीसमोर, त्याला हार घातलेली व्हॅन दिसली. दीपेश आणि काजल बाकावर बसून भजी खात होते. मागं डोंगर सरळ उभा होता, आणि रस्ता तिथून वर चढत होता.

"मामा!" काजल ओरडली.

अनंतानं कुणाकडे न बघता गाडीचं बाजूचं दार सरकवलं.

रेश्मा बाकड्यावर गुडघे टेकून उभी होती. दोन्ही तळहात कपाटाच्या बुडाला लावलेले, उजवा खांदा त्याच्या कोपऱ्याखाली घातलेला, मान वाकडी. कपाटाची उजवी बाजू प्लायपासून बोटभर सुटली होती. तिनं लुगड्याचा पदर कपाटाच्या कडीतून ओवून खिडकीच्या दांडीला बांधायचा प्रयत्न केलेला दिसत होता, पण तो फाटून लोंबत होता. पुढच्या सीटमागं अनंतानंच प्लायची आडभिंत घातली होती, त्यामुळे दीपेशला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. तिचा मोबाइल खाली जमिनीवर पडला होता.

"दार ओढ आधी," ती म्हणाली. "ह्यांना दिसंल."

अनंतानं आत चढून दार अर्धं ओढून घेतलं.

"तुझा फोन वाजत व्हता," ती म्हणाली. "हात मोकळा नव्हता रे."

"कधीपास्न?"

"किन्हवलीच्या पुलावर सुटायला लागलं. धसईला सगळी जेवाय उतरली तवा डबे खाली काढाय लागले, तर सासूबाई बघाय आल्या गाडी. सगळ्या बायका आल्या. मंग परत भरलं. तवापास्न हातच काढता येईना, टोकावड्याला पण उतरले नाय. भावाचं काम हाय म्हणून दाखवत हुते ना मी सकाळपास्न." एवढं बोलून ती हसायला गेली, पण खांद्यातून कळ आली असावी. "आता आलास ना. डबा इसरलेला आणून दिला, असं सांग ह्यांना. आणि गुपचूप लाव."

तेवढ्यात दीपेश भज्याचा कागद हातात घेऊन दारात आला. "दादा, तू इकडं कसा?"

"आमचा डबा ऱ्हायला व्हता, तो घेऊन..." रेश्मानं घाईघाईनं सुरुवात केली.

"नाय दाजी," अनंता म्हणाला. त्यानं दार पुरतं सरकवलं. "डबा-बिबा काय नाय. कपाट धड लागलेलं नाय. सकाळी स्क्रू नुसता फिरत होता, तिनं सांगितलं मला. त्याच्या आदल्या दिवशीच मला कळलं होतं. मी बोललो नाय. मघाशी फोनवर पण बोललो नाय."

दीपेशनं आधी कपाटाकडे बघितलं, मग बायकोच्या हातांकडे. तिच्या तळव्यांवर कपाटाच्या कडेचे लाल वळ उठले होते. भज्याचा कागद त्याच्या हातातून कधी पडला ते त्याला कळलं नाही.

"काजल सकाळी तिथंच बसली होती, दादा," तो म्हणाला.

शिव्या दिल्या असत्या तर अनंतानं त्या खाल्ल्या असत्या. दीपेश आत चढला आणि रेश्माच्या शेजारी कपाटाला हात लावून उभा राहिला.

डबे, कुकर, पातेली, खलबत्ता सगळं रस्त्याकडेच्या गवतावर उतरलं. टपरीवाला तोंड उघडं टाकून बघत होता. अनंतानं बोटांच्या पेरांनी प्लाय वाजवत बरगडी शोधली. पोकळ, पोकळ, पोकळ, मग भरीव आवाज आला. कुंकू लागलेलं ड्रिल त्यानं तिथं टेकवलं. या खेपेला लोखंड करकरलं, चुरा खाली पडला, स्क्रू आत गेला आणि अडला. त्यानं उजवीकडं, डावीकडं, मधे, जिथं जिथं बरगडी सापडली तिथं तिथं स्क्रू पिळले. खालून दोन पट्ट्या मारल्या. सगळं काम होईपर्यंत रेश्मानं हात काढले नव्हते. दीपेशनं दोनदा सांगितलं, तू बस, मी धरतो. ती नुसती नाही म्हणून मान हलवत होती.

"झालं," अनंता म्हणाला. "सोड आता."

रेश्मानं त्याच्याकडे बघितलं. हात तसेच.

"दादा, खरंच सोडू?"

तिच्या विचारण्यात ना राग होता ना टोमणा. सकाळी ज्या साधेपणानं तिनं स्क्रू फिरतोय म्हणून सांगितलं होतं, त्याच साधेपणानं ती विचारत होती. अनंताच्या ओठावर 'बसला' हा शब्द आला आणि तो त्यानं गिळला. त्या शब्दाला आता त्याच्या तोंडी काही किंमत उरली नव्हती.

तो खाली बाकड्यावर बसला, काजल बसली होती त्याच जागी. डोकं बरोबर कपाटाखाली.

"भरा सगळं परत," तो म्हणाला. "खलबत्ता माझ्या डोक्यावर ठेवा. आणि दाजी, गाडी घाला घाटात."

दीपेशनं एकेक डबा उचलून वर ठेवला. खलबत्ता शेवटी, अनंतानं सांगितलं तिथं. काजलला पुढं बसवलं. अनंताची मोटरसायकल टपरीवर ठेवली आणि गाडी सुरू झाली.

घाट चढायला लागला तशी गाडी एका अंगाला कलली. वर डबे एकमेकांना घासले, खलबत्ता जड आवाज करून सरकला. अनंतानं डोळे मिटले नाहीत की मान हलवली नाही. त्याच्या डोक्यावर, कपाटाच्या बुडाला, रेश्माचे दोन्ही हात होते. तिनं खिडकीतून दरीकडे बघितलं नाही. ती भावाच्या डोक्याकडे बघत होती.

"बस ना गो," अनंता म्हणाला. "बाबांची शपथ, आता नाय पडत."

"हो," रेश्मा म्हणाली.

बरीच वळणं गेल्यावर तिनं एक हात काढला आणि दुखरा खांदा चोळला. दुसरा हात मात्र तिनं घाट संपेपर्यंत काढला नाही.